‘तुंबाड’ कोणाचे?

एखाद्या हिंदी चित्रपटाचा दुसरा भाग निघावा की न निघावा, आणि निघालाच तर तो कोणाच्या हातून निघावा, हा काय अग्रलेखाचा विषय झाला, अशी शंका काही वाचकांस येईल. ‘तुंबाड’ हा नुसता करमणुकीचा मामला असता तर आम्हीही त्या वाटेस गेलो नसतो. परंतु ज्या गावाचे नाव या चित्रपटाने धारण केले, ते रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी वसलेले आहे. त्या नावास मराठी वाङ्मयात कायमचे स्थान दिले ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या दोन खंडी कादंबरीने. त्यातील भयाचे बीज स्फुरले ते नारायण धारपांच्या कथेवरून. आणि या साऱ्याची मोट बांधणारे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ व ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या कै. अनिल बर्वे यांचे चिरंजीव. इतके मराठी धन ज्या हंड्यात साठले आहे, त्या हंड्याचा धनी कोण, हा प्रश्न आता उभा राहिला असेल तर त्याविषयी मराठी पत्राने चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

हकीकत थोडक्यात अशी. बर्वे यांनी या कथेचा पहिला खर्डा लिहिला तो १९९७ साली, ऐन अठराव्या वर्षी. पुढे एका निर्मात्याने हात दिला आणि काढूनही घेतला. २०१२ साली सोहम शहा यांच्या पाठबळाने चित्रण झाले; पण हाती आले ते मनास येईना, म्हणून काही वर्षांनी पुन्हा लेखन, पुन्हा चित्रण. खोटा पाऊस नको, कोकण-सह्याद्रीचा खरा कुंद पावसाळाच हवा, या हट्टापायी मंडळींनी अनेक पावसाळे खर्ची घातले. अखेर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला होता. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट. छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी फिल्मफेअर पारितोषिकेही लाभली. चित्रपटगृहांतील गर्दी मात्र बेताचीच होती. पुढे घरोघरच्या छोट्या पडद्यावरून तो कर्णोपकर्णी पसरला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा पहिल्या वेळेहून अधिक उत्पन्न त्याने दुसऱ्या वेळी मिळविले. आपल्याकडे जुने चित्रपट पुन्हा लागणे नवे नाही. पहिल्या खेपेस ज्याच्याकडे पाठ फिरविली त्याच्यासाठी सहा वर्षांनी रांगा लावणे मात्र विरळा.

याच मुहूर्तावर दुसऱ्या भागाची घोषणा झाली. रसिकांच्या आनंदास पारावार राहिला नाही. पण तो जेमतेम एक दिवस टिकला. बर्वे यांनी तत्काळ जाहीर केले की, आपण त्या दुसऱ्या भागात नाही. ‘तुंबाड’ हा आपल्या त्रिवेणीतील पहिला भाग. उरलेल्या दोन भागांची नावे ‘पहाडपांगिरा’ आणि ‘पक्षीतीर्थ’. पहिल्या भागाचे सर्जक-दिग्दर्शक व सहलेखक आनंद गांधी यांनीही आपण दुसऱ्या भागाशी संबंधित नसल्याचे सांगितले. बर्वे यांनी शहा आणि आदेश प्रसाद यांना शुभेच्छा दिल्या, ही सभ्यता नोंदविण्याजोगी आहे. आदेश प्रसाद हे पहिल्या भागाचे सहदिग्दर्शक आणि सहलेखक. तेव्हा घर अगदीच परक्याच्या हाती गेले, असे कोणी म्हणू नये. तरीही रसिकांच्या मनात एक कोडे उरलेच. एका बाजूला नाव ‘तुंबाड’, पण ते नाव ज्याने जन्माला घातले तो कर्ता नाही. दुसऱ्या बाजूला कर्ता तोच, पण नाव ‘पहाडपांगिरा’. खरा दुसरा भाग यांपैकी कोणता समजायचा?

कायद्यास विचाराल तर तो क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक या शब्दास त्या व्याख्येत जागाच नाही. प्रमुख दिग्दर्शकासही निर्मात्याबरोबर सहकर्ता मानावे अशी तरतूद २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होती. संसदीय समितीला ती मानवली नाही आणि २०१२ साली कायदा झाला तेव्हा ती गळून पडली. त्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि पटकथाकार यांना चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या उत्पन्नात न सोडता येणारा वाटा दिला, हे उत्तमच झाले. दिग्दर्शक जेथे होता तेथेच राहिला.

सुरतेच्या वाचकास ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. तो तिच्यातच जगतो. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत हिऱ्यास पैलू पाडणाऱ्यास येथे ‘रत्नकलाकार’ असे भारदस्त नाव आहे. पण पैलू पाडून झाला की हिरा शेठच्या पुडीत जातो आणि कलाकाराच्या हाती नगावर मजुरी पडते. रिंगरोडच्या कापडबाजारात ज्या साडीवर साऱ्या देशाच्या नजरा खिळतात, तिची नक्षी कोणी काढली हे तिच्या पेटीवर कोठेही लिहिलेले नसते. पेटीवर नाव व्यापाऱ्याचे. उधना-पांडेसऱ्यात माग चालविणाऱ्या आमच्या खानदेशी बांधवांस याचे नवल वाटत नाही आणि आम्हांसही त्यात मोठा अन्याय दिसत नाही, कारण भांडवल ज्याने घातले, बुडीत ज्याने सोसले, माल त्याचा. हाच न्याय सोहम शहा यांनाही लावला पाहिजे. दुसऱ्या निर्मात्याने सोडून दिलेले जोखमीचे काम त्यांनी अंगावर घेतले, फेरचित्रणाचा खर्च सोसला, विनायकाची भूमिका स्वतः वठविली. पहिल्या प्रदर्शनातील थंडे स्वागत पदरी पडले तेही त्यांच्याच. सहा वर्षांनी फळ धरले तेव्हा त्यांनी ते तोडू नये, असे म्हणणारे रसिक त्यांच्या पावसाळ्यांचा हिशेब विसरतात.

फरक आहे तो पुढेच. हिरा एकदा विकला की संपला. गोष्टीचे तसे नाही; तिला फांद्या फुटतात, आणि त्या कोठे व कशा फुटणार हे पुष्कळदा पहिल्या सांगणाऱ्याच्या डोक्यातच असते. हस्तर या पहिल्या संततीस समृद्धीच्या देवीने कुशीत का दडविले, त्याला सोने मिळूनही अन्नाची वासना का जडली, ही पुराणकथा कोणत्याही पुराणात नाही, तरी कोकणातील आजीने सांगितल्यासारखी ती वाटते. कोकणात राखणदार, वेताळ आणि गुप्तधन यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसास तिच्यात परके काही दिसत नाही. हे बेमालूम काम पैशाने विकत मिळत नाही. त्याचा पुढला भाग म्हणजे नुसता अधिकार नव्हे. त्यास स्मरणशक्तीही लागते.

न्यायालयांनाही हा भेद अलीकडे उमगू लागला आहे. सत्यजित रायांच्या ‘नायक’ या १९६६ सालच्या चित्रपटाच्या पटकथेवरून कादंबरी निघाली, तेव्हा निर्मात्याच्या वारसांनी हरकत घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली निकाल दिला की, चित्रपट निर्मात्याचा असला तरी पटकथा हे स्वतंत्र वाङ्मय असून तिचे हक्क राय यांचेच. राय स्वतः लेखक होते आणि त्यांनी हक्क लिहून दिलेले नव्हते, म्हणून हे घडले. आज होतकरू लेखक-दिग्दर्शकांपुढे जो करारनामा ठेवला जातो त्यात दुसरा भाग, तिसरा भाग, मालिका, खेळणी, किंबहुना ब्रह्मांडातील यावच्चंद्रदिवाकरौ सर्व हक्क एका ओळीत लिहून घेतलेले असतात. पहिल्या संधीसाठी तहानलेला तरुण ती ओळ वाचतो काय, आणि वाचली तरी खोडतो काय?

अमेरिकेत लेखकांची संघटना बलवत्तर आहे. मूळ कथा लिहिणाऱ्यास पुढील भागांच्या वेळी काही मोबदला द्यावाच लागतो, आणि श्रेय कोणाचे याचा वाद पडला तर निवाडा संघटनाच करते. १९७९ च्या ‘एलियन’ या विज्ञान-भयपटाच्या पटकथेचे श्रेय असेच तंट्यात पडले होते. निर्मात्यांनी संहिता पुन्हा लिहिली असूनही संघटनेने ते एकट्या डॅन ओबॅनन यांच्या नावे केले. मात्र तेथेही पुढच्या भागांचे सगळे सुखाने पार पडले असे नाही. दुसरा भाग रिडली स्कॉट यांनी नव्हे, जेम्स कॅमेरॉन यांनी १९८६ साली काढला आणि तो पहिल्याच्या तोडीचा निघाला. कर्ता बदलला म्हणजे कृती बिघडलीच, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिसऱ्या भागाची कथा मात्र वेगळी. एका दिग्दर्शकाची कल्पना टाकून दिलेली, चित्रण सुरू झाले तरी संहिता अपुरी, आणि पहिलाच चित्रपट करणाऱ्या डेव्हिड फिंचर यांच्या डोक्यावर कंपनीचे अधिकारी. १९९२ साली तो आला तेव्हा दुसऱ्या भागातील जिवलग पात्रे आरंभीच मारून टाकलेली पाहून रसिक संतापले. फिंचर यांनी तर त्या चित्रपटाशी नातेच तोडले. २०१५ साली नील ब्लोमकँप यांनी त्यांतील एक पात्र परत आणणाऱ्या नव्या भागाची चित्रे प्रसिद्ध केली, लोक हरखून गेले, आणि काही काळाने तो बेत गुंडाळला गेला. न निघालेल्या त्या चित्रपटाबद्दल लोक आजही हळहळतात.

घरचे उदाहरण घ्यायचे तर महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चे. १९९३ च्या त्या चित्रपटाचा दुसरा भाग २०१३ साली आला. कर्ता तोच होता, रामदास पाध्ये यांचा तात्या विंचूही तोच होता. नव्हते ते लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुला आला म्हणून मुले हसली, आणि लक्ष्या नाही म्हणून त्यांच्या आईबापांना चुकल्यासारखे झाले. म्हणजे नाव, कर्ता आणि नट यांपैकी लोकांचा जीव नेमका कोणावर जडलेला असतो, याचे गणित कोणासच आधी मांडता येत नाही.

आणि मालकीचा प्रश्न उकरून काढायचाच, तर तो बर्वे यांच्यापाशीही थांबत नाही. गावाचे नाव पेंडशांच्या कादंबरीतून उचलले हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. धारपांच्या ज्या ‘आजी’ कथेचा उल्लेख होतो, ती स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली. धारपांनी विज्ञानकथा लिहिल्या, भयकथा लिहिल्या, परदेशी कल्पना पुण्याच्या वाड्यात आणून बसविल्या. २००८ साली ते निवर्तले तोवर त्यांच्या वाट्याला वाचनालयांतील फाटलेली मुखपृष्ठे आणि समीक्षकांचे मौन याहून फारसे काही आले नाही. कथा अशी हातोहात फिरते आणि प्रत्येक हात तिला काही देतो. म्हणूनच तिच्यावर कोणा एकाचा कुलूपबंद हक्क सांगताना, मग तो धनिकाचा असो वा कलावंताचा, थोडा संकोच असावा असे आम्हांस वाटते.

‘तुंबाड’मध्येच एक प्रसंग आहे. विनायक दर खेपेस कणकेची बाहुली हस्तरापुढे टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला असता मुठीत मावतील तेवढ्या मोहरा घेऊन पळतो. मुलगा पांडुरंग बापास सुचवितो की, मोहरा कशाला, लंगोटच पळवू. बाहुल्या जास्त नेल्या म्हणजे झाले. बाहुल्या जास्त नेल्या तेव्हा हस्तरही तितकेच प्रकट झाले, हे ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना सांगावयास नको. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भागांच्या घोषणा ऐकताना आम्हांस या पोराची आठवण होते, एवढेच.

रसिकांच्या हाती यात काय आहे? निर्मात्याचा हक्क हिरावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. कोणत्याही दुसऱ्या भागाच्या जाहिरातीत लेखक कोण, दिग्दर्शक कोण, हे पहिल्या दिवसापासून ठळक अक्षरांत असावे. पहिल्या भागाचे कर्ते त्यात नसतील तर त्यांच्या कीर्तीचा भास होईल असे शब्द योजू नयेत. तिकीट काढणाऱ्यास आपण कोणाचे काम पाहणार आहोत हे कळलेच पाहिजे. मिठाईच्या दुकानातसुद्धा शुद्ध तूप की वनस्पती हे विचारता येते. दुसरे, २०१२ साली गळलेली ती तरतूद संसदेने पुन्हा विचारात घ्यावी. निर्मात्याचे स्वामित्व अबाधित ठेवूनही मूळ कथाकार व दिग्दर्शक यांस पुढील भागांत नामोल्लेख आणि उत्पन्नाचा अंश देता येतो. लेखक-संगीतकारांना तो दिल्याने चित्रपटधंदा बुडालेला नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या अगदी दाराशी आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतून शिकून बाहेर पडणारा लिंबायतचा मुलगा तुंबाड हे नाव प्रथम ऐकतो ते हिंदी पडद्यावरून. तो मुलगा जळगाव-धुळ्याकडचा. कोकण त्याने पाहिलेले नसते. हस्तर त्याला ठाऊक असतो, तुंबाडच्या खोतांची त्याला गंधवार्ता नसते. चित्रपटाचा दुसरा भाग कोणीही काढो. त्या शाळांच्या ग्रंथालयांत पेंडशांचे ते दोन खंड आणि धारपांची पाचदहा पुस्तके ठेवण्यास कोणाच्याही करारनाम्याची आडकाठी नाही. शिक्षण समितीच्या सभासदांनी आणि शहरातील मराठी मंडळांनी येत्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत ती नावे घालावीत.