जागा कुणाच्या नावावर आहे?

सनीवेलमध्ये साध्या तीन बेडरूमच्या बंगलीची किंमत वीस लाख डॉलरच्या आसपास असते. त्यामुळे घर घेण्याचा विषय निघाला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, मोबाइल होम घे की! अडीच-तीन लाखांत काम होतं." गेल्या वर्षभरात मला हा सल्ला तीन मराठी इंजिनिअरांनी दिला. तिघांपैकी एकही मोबाइल होममध्ये राहत नाही. मी मात्र खरोखर एक बघायला गेलो, बयाणा द्यायच्या बेतापर्यंत पोचलो आणि मागे फिरलो. का फिरलो ते लिहितोय, कारण हा सल्ला वाईट आहे आणि तो देणाऱ्यांना तो वाईट का आहे हे कळायला अवघड नाही. गुणाकार-भागाकार आला की पुरे.

आधी नावाबद्दल. इन्स्टाग्रामवर पडदे लावलेल्या व्हॅनमधून डोंगर बघत कॉफी पिणारी जोडपी दिसतात, ते हे नव्हे. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधलेलं, ट्रकने ओढून आणलेलं घर. मोठं असेल तर दोन तुकड्यांत येतं आणि जागेवर जोडतात. मग चाकं काढतात, खालची पोकळी चहूबाजूंनी पत्र्याने किंवा फळ्यांनी झाकतात, पाणी-गटार जोडतात. त्यानंतर ते बहुतेक वेळा मोडीत निघेपर्यंत तिथून हलत नाही. हलवायचं तर हजारो डॉलर लागतात आणि ते ठेवायला दुसरी जागा लागते. १५ जून १९७६ नंतरच्या घरांना केंद्र सरकारची बांधकाम मानकं लागू झाली. त्याआधीची घरं बरीच पार्कं दारातच उभी करत नाहीत.

म्हणजे फिरतं घर फिरत नाही. ते ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन पार्कमालकाची असते आणि तिचं दरमहा भाडं द्यावं लागतं. घर माझं, जमीन त्याची. हे मी बाबांना फोनवर उत्साहाने सांगत होतो. स्वयंपाकघर किती मोठं, अंगणात लिंबाचं झाड कसं आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे?" सातबाऱ्यावरून भावाभावांत झालेली भांडणं बघत मोठा झालेला माणूस दुसरं काय विचारणार? मला तेव्हा ते जुनाट वाटलं.

रात्री एक्सेल उघडलं. घराची किंमत २,६०,००० डॉलर. वीस टक्के मी भरणार, उरलेलं कर्ज. पण जमीन नसलेल्या घराला बँक सहसा गृहकर्ज देत नाही. वाहनावर देतात तशा प्रकारचं कर्ज मिळतं, आणि ते महाग असतं. मला वीस वर्षांसाठी नऊ टक्के सांगितलं गेलं. हप्ता साधारण १,८७० डॉलर. जागेचं भाडं १,६५०. एकूण ३,५२०, विमा आणि कर वेगळे. मी सध्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटला २,९०० देतो. ठीक आहे, एक खोली जास्त मिळेल, म्हटलं.

मग जागेचं भाडं दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवून बघितलं. दहा वर्षांनी ते २,६९० च्या जवळ जातं, म्हणजे महिन्याला साधारण १,०४० डॉलर जास्त. दहा वर्षांनी माझं घर विकत घेणारा काय करेल? तोही एक्सेल उघडेल. वर्षाला साडेबारा हजार डॉलर जास्त भाडं जाणार असेल तर तेवढं तो किमतीतून कापेल. दहा टक्के परताव्याने हिशेब केला तर ही कपात सव्वा लाखाच्या घरात जाते. घर उरलं एक लाख पस्तीस हजारांचं. आणि माझं कर्ज तेव्हा किती शिल्लक असेल? जवळजवळ एक लाख अठ्ठेचाळीस हजार.

बाहेरची भाडीही त्याच वेगाने वाढली तर फटका कमी बसेल, हे मान्य. पण तरी मुद्दा राहतोच. पार्कमालकाने भाडं वाढवलं की तो माझ्याकडून दरमहा जास्त पैसे तर घेतोच, शिवाय माझ्या घराच्या किमतीतला एक तुकडा न विचारता स्वतःच्या जमिनीच्या किमतीत टाकतो. अपार्टमेंटचा घरमालक कितीही हावरट असला तरी त्याला हे करता येत नाही, कारण तिथे माझं काही अडकलेलं नसतं.

गुंतवणूकदारांना हे फार आधी कळलं. फ्रँक रोल्फ हे पार्कं विकत घेणारे गृहस्थ 'मोबाइल होम युनिव्हर्सिटी' नावाने हा धंदा शिकवतात. गिऱ्हाइकांना टेबलाला साखळीने बांधून ठेवलेलं वॉफल हाउस, अशी उपमा त्यांनीच या धंद्याला दिली होती. निदान प्रामाणिक आहेत. २०१५ मध्ये कार्लाइल ग्रुपने इथलंच, सनीवेलचं, सुमारे ८०० घरांचं प्लाझा डेल रे पार्क घेतलं आणि २०१९ मध्ये विकून टाकलं. घरं तिथेच, माणसं तिथेच. फिरली ती फक्त मालकी.

आणि आता आपल्या लोकांविषयी. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला 'मोबाइल होम घे' सांगितलं गेलं, त्याच ग्रुपवर दोन आठवड्यांनी एक फॉरवर्ड आला: मोबाइल होम पार्क विकत घेणाऱ्या एका फंडात पन्नास हजार डॉलर गुंतवा, घरबसल्या उत्पन्न मिळवा. खाली ठळक अक्षरांत कारण दिलं होतं, भाडेकरू सोडून जात नाहीत. सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकाने त्याला अंगठा दिला. मी विचारलं, सोडून का जात नाहीत माहीत आहे का? उत्तर आलं, "मार्केट आहे रे." हाच माणूस पुण्यातल्या बिल्डरने पार्किंगचे वेगळे पैसे लावले तर रात्रभर संतापाने टाइप करतो.

'मग कमी पगाराच्या माणसांनी राहायचं कुठे?' हा पुढचा प्रश्न. याच घरांत राहावं! घरात खोट नाही. कारखान्यात बांधलेलं घर स्वस्त पडतं, नवं असेल तर चांगलंही असतं. खोट जमिनीच्या व्यवहारात आहे, आणि ती काढता येते. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ साली एका पार्कच्या रहिवाशांनी सहकारी संस्था करून जमीनच विकत घेतली. आज देशभरात अशी तीनशेहून अधिक पार्कं आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे काय हे शिकवावं लागू नये. पालो आल्टोमधलं ब्युना व्हिस्टा पार्क बंद करायची खटपट २०१२ पासून चालली होती. तिथे चारशेच्या आसपास माणसं राहत होती, गावात कामं करत होती, त्यांची मुलं गावातल्या शाळांत जात होती. शेवटी २०१७ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने सुमारे चार कोटी डॉलरना ते घेतलं, तेव्हा ती तिथे राहिली. माउंटन व्ह्यूने २०२१ मध्ये पार्कांतल्या भाडेवाढीला मर्यादा घातली. हे सगळं व्हायला लोकांना वर्षानुवर्षं सभांना जाऊन बसावं लागलं. आपल्यातले किती जण गेले होते? मीही नव्हतो.

माझ्यापुरता निर्णय मात्र व्हिसाने केला. एच-वन-बीवर नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत गिऱ्हाईक शोधायचं, पार्कने त्या गिऱ्हाइकाला मंजुरी द्यायची, त्याला नऊ टक्क्यांचं कर्ज मिळायचं आणि मी विमानात बसायचं. घर विकलं जाईपर्यंत भाडं चालूच. म्हणजे या व्यवहारात हलणारी गोष्ट एकच, ती मी.

ते घर विकणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या, एकट्या. भाडं पेन्शनच्या पुढे गेलं म्हणून मुलीकडे आयडाहोला निघाल्या होत्या. मी निघताना वाकून घराखाली बघितलं, तर त्या हसल्या. "चाकं शोधतोयस? बसवायला आले होते तेच लोक काढून घेऊन गेले. १९७९ मध्ये." त्या घराची जाहिरात अजून आहे. किंमत दोनदा उतरली आहे. लिंबाच्या झाडाचा फोटो पहिला लावला आहे.