हरल्यानंतरचे काम

निवडणूक हरली की फलक उतरतात आणि कार्यकर्ते घरी बसतात. आपल्या मॉरिशसमध्ये १९८२, १९९५ आणि २०२४ साली ६०-० असे निकाल लागले, तेव्हा हरलेल्यांच्या गोटात अशीच निराशा पसरली होती.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे उदाहरण म्हणूनच पाहण्यासारखे आहे. २०१८ साली स्टेसी अब्राम्स तेथे गव्हर्नरपदाची निवडणूक सुमारे ५५,००० मतांनी हरल्या. त्यानंतर ‘फेअर फाइट’ ही संघटना काढून त्या मतदारांच्या हक्कासाठी झटू लागल्या. इतर अनेक मंडळांनीही दारोदार फिरून नवे मतदार नोंदविले. २०२० साली त्याच राज्यात जो बायडन १२,००० हून कमी मतांनी जिंकले. जानेवारी २०२१ मध्ये सेनेटच्या दोन्ही जागा त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे आल्या.

२०२२ साली अब्राम्सबाई पुन्हा हरल्या, तेही अधिक मतांनी. पण त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या रॅफेल वॉर्नॉक यांनी सेनेटची जागा राखली. पेरणाऱ्याच्या पदरी पीक पडतेच असे नाही. शेत मात्र पिकते.

आम्हांस वाटते, आपल्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे: निकालाच्या दुसऱ्या दिवशी जो कार्यकर्ता लोकांच्या दारी जातो, त्याच्यापाशीच पक्षाची खरी आशा असते.