दोन कॅप्टन, एकच संघ: सराव सामन्यासाठी गडी वाटायचे कसे?

नाशिकमधल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर संध्याकाळी हे दृश्य दिसतं. पंधरा-सोळा मुलं जमतात, त्यातले दोघं कॅप्टन होतात. नाणं उडतं आणि गडी वाटायला सुरुवात होते. 'मला हा', 'मग मला तो'. पहिली चार-पाच नावं झटपट जातात. मग कॅप्टन जरा थांबून विचार करू लागतात. शेवटी दोन-तीन मुलं उरतात आणि चेंडूशी उगाच चाळा करत उभी राहतात. आपलं नाव कधी येतंय, याची ती वाट बघत असतात.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये हे दोन मिनिटांत विसरलं जातं. पण कॉलेजच्या किंवा जिल्ह्याच्या संघाचे खेळाडू दोन गटांत विभागून आपसात सामना खेळतात, तेव्हा हीच वाटणी गंभीर होते. कारण त्या सामन्यावरून पुढची निवड होऊ शकते. आपण कोणत्या गटात आलो, यावर खेळाडूला किती षटकं मिळणार आणि समोर कोण गोलंदाजी करणार, हे ठरतं.

मग अशी वाटणी करण्याच्या पद्धती कोणत्या? त्यातली न्याय्य कोणती? समजून घेऊया.

कॉलेजच्या खेळाडूसाठी हा सामना महत्त्वाचा का?

नाशिकमधली बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. इथल्या खेळाडूचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा असतो. आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून नाशिक विभागाचा संघ, मग आंतरविभागीय स्पर्धा आणि शेवटी विद्यापीठाचा संघ. प्रत्येक पायरीवर जागा मोजक्या आणि दावेदार जास्त असतात.

अशा वेळी निवड चाचणीत नेटमधला सराव पुरेसा नसतो. नेटमध्ये फलंदाज बाद झाला तरी पुढचा चेंडू खेळतोच. सामन्यात मात्र त्याला तंबूत परतावं लागतं. म्हणून संभाव्य खेळाडूंचे दोन संघ पाडून सामना खेळवणं ही जुनी आणि उपयोगी पद्धत आहे.

अडचण इथूनच सुरू होते. समजा, चांगले गोलंदाज सगळे एकाच बाजूला गेले. मग दुसऱ्या बाजूच्या नवख्या फलंदाजाला त्या सगळ्यांना तोंड द्यावं लागतं आणि तो बारा धावांवर बाद होतो. त्याच वेळी पलीकडचा फलंदाज कच्च्या गोलंदाजीवर पन्नास धावा काढतो. स्कोअरबुकात बारा आणि पन्नास एवढंच उरतं. ते कोणासमोर काढले, हे कागदावर दिसत नाही.

अमेरिकेत याचा सोहळा होतो

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या हेल्मेट घालून खेळायच्या फुटबॉलमध्ये, अशा आपसातल्या सामन्याला 'स्प्रिंग गेम' म्हणतात. हंगाम सुरू होतो ऑगस्टच्या अखेरीस. पण वसंतात संघांना साधारण १५ सराव सत्रांची मुभा असते आणि अनेक विद्यापीठं त्याचा शेवट एका जाहीर सामन्याने करतात. एकाच संघाचे खेळाडू दोन रंगांच्या जर्सीत एकमेकांसमोर उभे राहतात आणि प्रेक्षक तो बघायला येतात.

काही विद्यापीठांमध्ये या सामन्यासाठी ड्राफ्ट होतो. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं, आपल्या गल्लीतलं 'मला हा, तुला तो' हेच. काही ठिकाणी मात्र प्रशिक्षक पहिल्या फळीतले खेळाडू एका बाजूला आणि राखीव दुसऱ्या बाजूला ठेवतात.

या दोन पद्धतींचे हेतू वेगळे आहेत. पहिली फळी एकत्र ठेवली, तर मुख्य संघाचा ताळमेळ पक्का होतो. खेळाडू मिसळले, तर सामना चुरशीचा होतो आणि नवा खेळाडू नीट जोखता येतो. म्हणजे वाटणीआधी प्रशिक्षकाने ठरवायला हवं, की सामना कशासाठी आहे.

भारतात हे कुठे घडतं?

२०२४ ची दुलीप करंडक स्पर्धा हे याचं जवळचं उदाहरण. ही स्पर्धा अनेक वर्षं विभागीय संघांमध्ये खेळली जायची. २०२४ मध्ये मात्र निवड समितीने देशातल्या खेळाडूंचे भारत 'अ', 'ब', 'क' आणि 'ड' असे चार संघ केले. महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड 'क' संघाचा कर्णधार होता. इथे कर्णधारांनी आळीपाळीने खेळाडू उचलले नाहीत, वाटणी निवड समितीनेच केली.

ड्राफ्टचं उदाहरण खो-खोमध्ये सापडतं. हा खेळ नाशिक जिल्ह्याच्या ओळखीचा. सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातून राष्ट्रीय पातळीवरचे खो-खोपटू घडले आहेत. २०२२ मध्ये पुण्यातल्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा सहा संघांनी खेळाडूंवर बोली लावली नाही, तर ड्राफ्टमधून त्यांची निवड केली. गटानुसार मानधन आधीच ठरलेलं होतं: 'अ' गटाला ५ लाख, 'ब' ला ३ लाख, 'क' ला दीड लाख आणि 'ड' ला १ लाख रुपये.

लिलावात गणित उलटं असतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. त्यात ईगल नाशिक टायटन्स हा नाशिकचा संघ होता आणि राहुल त्रिपाठी त्याचा आयकॉन खेळाडू. प्रत्येक संघाकडे लिलावासाठी २० लाख रुपये होते आणि खेळाडूंच्या मूळ किमती ६०, ४० आणि २० हजार अशा तीन पातळ्यांवर होत्या. कोल्हापूरच्या संघाने नौशाद शेखसाठी ६ लाख मोजले. म्हणजे तिजोरीतला जवळपास तिसरा हिस्सा एकाच खेळाडूवर गेला.

ड्राफ्टमध्ये कळतं की तुमचा नंबर कितवा लागला. लिलावात तुमची किंमत सगळ्यांसमोर पुकारली जाते. कॉलेजच्या सराव सामन्यात पैसे नसतात, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो क्रमाचाच.

पहिली पाळी मिळाली की फायदा किती?

हे आकड्यांनी तपासता येतं. समजा, १६ खेळाडू आहेत. सर्वात चांगल्याला १६ गुण, त्याच्या खालच्याला १५, असं करत शेवटच्याला १ गुण. दोन्ही कॅप्टन दर वेळी उरलेल्यांतला सर्वात चांगला खेळाडू उचलतात.

एक तू, एक मी, एक तू, एक मी असं चाललं, तर पहिल्या कॅप्टनकडे १६, १४, १२ असे गडी जमतात. त्याची बेरीज ७२ होते, दुसऱ्याची ६४. म्हणजे नाणेफेक जिंकण्यानेच ८ गुणांचा फायदा झाला.

आता क्रम बदलून बघूया. पहिल्याने एक घ्यायचा, मग दुसऱ्याने सलग दोन, मग पहिल्याने सलग दोन, असं शेवटपर्यंत. आता पहिल्याकडे १६, १३, १२, ९, ८, ५, ४ आणि १ गुणाचे खेळाडू येतात. बेरीज ६८. दुसऱ्याचीही बेरीज ६८. एवढ्याशा बदलाने दोन्ही पारडी समान झाली. साप वळतो तसा हा क्रम उलटसुलट वळतो, म्हणून त्याला 'स्नेक ड्राफ्ट' म्हणतात.

महाराष्ट्रातल्या गावांमध्ये याहून जुनी एक युक्ती आहे. साधारण सारख्या ताकदीचे दोन गडी बाजूला जातात, स्वतःला गुपचूप नावं ठेवतात, एक सूर्य, एक चंद्र. मग कॅप्टनला विचारतात, 'सूर्य हवा की चंद्र?' कॅप्टनला माहीतच नसतं की कोण कोणता. जोडी समान असल्याने संघही समान होतात. आणि कोणालाही 'शेवटी उरलेला' व्हावं लागत नाही.

आधी कोणाला उचलायचं?

फक्त 'सर्वात चांगला कोण' एवढं बघून भागत नाही. समजा, २२ खेळाडूंमध्ये यष्टिरक्षक दोनच आहेत. एका कॅप्टनने एक घेतला की दुसरा आपोआप दुसऱ्याकडे जाणार, कारण पहिल्याला आता त्याची गरज नाही. दोघांच्या खेळात फारसा फरक नसेल, तर यष्टिरक्षकासाठी सुरुवातीची पाळी खर्च करण्यात अर्थ नाही. पण वेगवान गोलंदाज तीन असतील, तर एका संघाला दोन आणि दुसऱ्याला एकच मिळणार. तिथे घाई करावी लागते.

गरज बघून निवड केली की मोठी नावंही हातून सुटतात. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी वेगळा ड्राफ्ट होता. दिल्लीला विराट कोहली घेण्याची संधी होती. पण फलंदाजीत सेहवाग आणि गंभीर होतेच, म्हणून दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. कोहली बंगळुरूकडे गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र दिल्लीचा हिशेब चुकीचा नव्हता.

शेवटी उरलेल्याचं काय?

मराठी मैदानांवर 'कच्चा लिंबू' असतो. सर्वात लहान किंवा नवखा गडी. त्याला खेळायला घेतात, पण तो बाद झाला तरी धरत नाहीत. त्यात त्याला सांभाळून घेणं आहे आणि हलकं लेखणंही. निवड चाचणीत अशी सवलत नसते. तिथे शेवटी निवडला गेलेला खेळाडू शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला येतो, एखादं षटक टाकतो आणि निवड समितीच्या डोळ्यांसमोर येण्याआधीच सामना संपतो.

हे टाळणं अवघड नाही. कॅप्टन आणि प्रशिक्षकांनी वाटणी बंद खोलीत करावी आणि नावं आडनावाच्या क्रमाने वाचावीत, म्हणजे कोण कितवा निवडला गेला हे मैदानावर कळत नाही. आधी भूमिकेनुसार जोड्या लावाव्यात, सलामीवीरासमोर सलामीवीर, फिरकीपटूसमोर फिरकीपटू. दुसऱ्या सामन्यात खेळाडूंची अदलाबदल करावी. आणि प्रत्येकाला किमान किती षटकं किंवा चेंडू मिळणार, हे आधीच ठरवावं.

संधी मिळाली की काय होतं, हे नाशिकच्या संघाने बघितलं आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ईगल नाशिक टायटन्सच्या अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. त्यात १३ षटकार होते. मग चार बळीही घेतले आणि नाशिकने सामना एका धावेने जिंकला. अर्शिन मूळचा सोलापूरचा, तेव्हा विशीतही नव्हता. पुढे तो १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि आयपीएलमध्येही पोहोचला. त्या दिवशी तो डावाची सुरुवात करायला उतरला होता. त्याला सातव्या-आठव्या क्रमांकावर पाठवलं असतं, तर ५४ चेंडू कदाचित मिळालेच नसते.

कॉलेजच्या सराव सामन्याला ना कॅमेरे असतात, ना समालोचक. म्हणून तिथे गडी वाटताना घेतलेली दहा मिनिटांची काळजी जास्त मोलाची ठरते. सामना कोण जिंकलं, हे आठवड्याभरात कोणाच्या लक्षात राहत नाही. पण आपल्याला खेळायला मिळालं की नाही, हे त्या बावीस जणांतला प्रत्येक जण लक्षात ठेवतो.