मुंबईतली ही दप्तरं वाचवा

रास अल खैमातल्या मराठी मंडळींनो, एखाद्या सुट्टीला रम्सच्या बाजूला धायाच्या किल्ल्यावर चढून जा. खाली खजुराच्या बागा, पलीकडे समुद्र. डिसेंबर 1819 मध्ये कवासिमांची, म्हणजे इथल्या अल कासिमी घराण्याच्या टोळीची, उरलीसुरली माणसं बायकापोरांसह याच टेकडीवर कोंडली गेली होती. त्यांच्यावर चालून आलेली ईस्ट इंडिया कंपनीची मोहीम निघाली होती आपल्या मुंबईहून.

कंपनीच्या लेखी हे सगळे चाचे. जहाजं लुटली गेली, खलाशी मारले गेले, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण माणसं हत्यार का उचलतात? मस्कतशी जुनं वैर होतं, 1798 मध्ये कंपनीने त्याच मस्कतशी करार केला, समुद्रावरचा व्यापार हातचा जाऊ लागला आणि पाठीशी अरबस्तानातल्या दिरियाची वहाबी सत्ता उभी राहिली. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत, हे आपण तरी विसरू नये.

1809 मध्ये मुंबईच्या फौजेने रास अल खैमा जाळलं. काही वर्षांत गलबतं पुन्हा समुद्रात! किनाऱ्यावरच्या शेखांशी झालेल्या जानेवारी 1820 च्या तहानंतर मात्र चित्र पालटू लागलं. युद्धनौकांचा धाक होताच, पण तहाने या अरबांच्या जहाजांना ब्रिटिश बंदरांत खरेदी-विक्रीची मुभाही दिली. त्यात ठरलेला पांढऱ्या किनारीचा लाल झेंडा रास अल खैमावर आजही फडकतो. सोमालियापासून साहेलपर्यंत आज नुसते बॉम्ब टाकणाऱ्यांनी हा तह एकदा वाचावा.

शारजाचे शासक डॉ. सुलतान अल कासिमी यांनी 1986 च्या पुस्तकात चाचेगिरीचा आरोप खोडून काढला, तो मुंबईच्या दप्तरांचा भरपूर आधार घेऊन. ते त्याच घराण्यातले, तेव्हा त्यांचंही म्हणणं तपासूनच घ्यावं. पण तपासायला कागद हवेत ना! ते आहेत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. जुनी शाई कागद खाते, उरलेलं काम कसर आणि मुंबईची दमट हवा करते.

लंडनमधली आखाताची कागदपत्रं कतारच्या पैशाने घरबसल्या वाचता येतात. मुंबईच्या दप्तरांतलं पानन् पानही तसंच खुलं व्हायला हवं. आखातातल्या मराठी मंडळांनी यंदा गणपतीच्या वर्गणीतला एक वाटा यासाठी बाजूला काढावा आणि महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाला पत्र धाडावं: आखाताची दप्तरं आधी स्कॅन करा, आम्ही हातभार लावतो.