पुठ्ठ्याचा टीव्ही गेम

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच मुलगा आमच्याकडे आला आणि ट्रंकेतली हाडाची पट्टी मागू लागला. बाइंडिंगच्या कामात घडी दाबायला जी पट्टी वापरतात, ती. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात आमची एकतीस वर्षे गेली, पण काम सुटल्यापासून ती पट्टी कोणी मागितली नव्हती. कशाला हवी म्हणून विचारले, तर म्हणाला, "आबा, पोरीला कागदाचा टीव्ही गेम करायचाय. पुठ्ठा मोडला की घडीवर फाटतोय."

नात पाचवीत आहे. शाळेत घनाकृती शिकवतात, खोका उलगडला की कसा दिसतो ते काढायला सांगतात. त्यावरून बापलेकीचे हे खूळ सुरू झाले. आम्ही पट्टी दिली आणि तिच्या मागोमाग स्वतःही गेलो. ज्याचे हत्यार त्याला चैन पडत नाही.

ते दोघे जे करत होते त्याचे नाव फॅमिकॉम, म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी तो बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो तयार झाला. वरचा भाग पांढरा, खालचा गडद लाल. दोन बाजूंना दोन रिमोट ठेवायला खोबणी, आणि रिमोटच्या वायरी मागून कायमच्या जोडलेल्या. अमेरिकेत हाच खेळ १९८५ मध्ये करड्या रंगाच्या, निराळ्या आकाराच्या पेटीत गेला. दोन्ही रूपे मिळून ६ कोटी १९ लाखांच्या आसपास नग जगभर खपले. आणि त्याची कामाची स्मृती किती? २ किलोबाइट. आमच्या या सदराचा मजकूरसुद्धा तिच्यात मावणार नाही.

वाचक बंधुभगिनींनो, हे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. नव्वदच्या दशकात आपल्या चाळीतून आणि वस्त्यांतून ज्याला नुसते 'टीव्ही गेम' म्हणत, तो बहुधा याच फॅमिकॉमची नक्कल असे. पिवळ्या रंगाची कॅसेट, तिच्यावर हजारो खेळ असल्याची थाप, आणि आत तेच दहाबारा खेळ फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की पोरे तिच्यात तोंडाने फुंकर मारत. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढेमागे आहे, त्यांना हे वाचून हसू येईल.

या कंपनीची गोष्ट मुलाने आम्हाला काम करता करता सांगितली. आम्हाला ती फार आवडली, कारण ती मुळात कागदाचीच गोष्ट आहे. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी पत्ते करण्याचे दुकान काढले. हानाफुदा नावाचे हे पत्ते, एका जोडात ४८. वर्षाचे बारा महिने, महिन्याला एक फूल वा झाड, आणि प्रत्येकाचे चार पत्ते. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद त्याला वापरत. म्हणजे आज जी कंपनी व्हिडिओ गेमसाठी जगाला माहीत आहे, ती जन्मली आमच्याच धंद्याच्या शेजारच्या गल्लीत म्हणायची!

पुढे १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण तिथे कामाला लागला. काम काय, तर पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रे नीट चालू असली की अशा माणसाला हातावर हात ठेवून बसावे लागते. त्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनवला. कैचीसारख्या पट्ट्या एकात एक जोडलेल्या, मूठ आवळली की पुढचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडतो. कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारायला आले आणि ते त्यांच्या नजरेला पडले. कामाच्या वेळात खेळणे करणाऱ्या कामगाराचे आपल्याकडे काय झाले असते, ते आम्हाला सांगायला नको. यामाउची यांनी त्याला ते विकण्याजोगे करायला सांगितले. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' या नावाने ते खेळणे निघाले आणि दहा लाखांच्या वर खपले. याच योकोईंनी पुढे रिमोटवरचे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण आणले. १९८९ चा 'गेम बॉय' हा हातातला खेळ त्यांच्याच विभागातून निघाला. त्यांचे म्हणणे असे होते की स्वस्त झालेली, सगळ्यांच्या हातात रुळलेली जुनी विद्या घ्यावी आणि तिच्याकडून नवे काम करून घ्यावे. गेम बॉयचा पडदा साधा, बिनरंगी होता तो त्यामुळेच.

मुलगा हे सांगत होता, आणि आमचे लक्ष मात्र दुसरीकडे गेले होते.

१९९४ ची मे महिन्याची सुटी. त्या वेळी आम्ही दिवसा छापखान्यात आणि रात्री घरी जॉबवर्क करत होतो. फायलींची पुठ्ठे मोजून घरी आणायची, पाठीला कापडाची पट्टी चिकटवायची, सकाळी मोजून परत द्यायची. नातीची आजी खळ शिजवायची. आमच्या गल्लीत एका घरी टीव्ही गेम आला होता, आणि ते लोक तासावर पैसे घेऊन पोरांना खेळू देत. आमचा मुलगा दहा वर्षांचा. पैसे नाहीत म्हणून खिडकीशी उभा राहून पाहायचा. एका संध्याकाळी त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या गठ्ठ्यातली चार पुठ्ठे काढली आणि घरचा टीव्ही गेम केला. आम्हाला अजून तो जसाच्या तसा दिसतो. साबणाच्या खोक्यांचे दोन रिमोट, सुतळीच्या वायरी. टीव्ही म्हणून एक खोका, त्याला दोन चिरा, आणि त्यातून ओढायचे चित्रांचे लांब रीळ, वहीची पाने एकाला एक चिकटवून केलेले. एकाने रीळ ओढायचे, दुसऱ्याने बटण दाबून तोंडाने 'टुंग' म्हणायचे. गल्लीतली पोरे रांग लावून बसली होती, असे शेजारच्या मावशींनी पुढे कधीतरी सांगितले.

आम्ही रात्री आलो, पुठ्ठे मोजली, चार कमी. आम्ही त्याला मारले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून तो खेळ मोडून सकाळच्या पाण्याच्या बंबात घातला. मालकाने चार पुठ्ठ्यांचे पैसे कापले ते एका दिवसाच्या भाजीइतके होते. या गोष्टीविषयी मुलगा कधी एक शब्द बोलला नाही, आणि आम्हीही नाही.

असो. आता करायचे कसे ते सांगतो, कारण सुटीत पोरांना हे जमण्यासारखे आहे आणि खर्च फारसा नाही.

खऱ्या फॅमिकॉमची लांबी सुमारे २२० मिलिमीटर, रुंदी १५० आणि उंची ६०. निम्म्या मापाने करा. म्हणजे ११०, ७५ आणि ३०. ही पेटी उलगडून कागदावर मांडली तर आडवे १७० आणि उभे २१० मिलिमीटर होतात, चिकटवायच्या पट्ट्या धरूनही ए-फोर कागदात बसते. पण एकच पेटी करण्यापेक्षा मिठाईच्या खोक्यासारखे दोन भाग करा, खालची पेटी लाल, वरचे टोपण पांढरे. रंग देत बसावे लागत नाही, आणि आत हात घालता येतो. हातात घेण्यापूर्वी गेम बॉय करावा असे मुलाचे मत होते, कारण तो जवळजवळ विटेसारखा. खरा गेम बॉय १४८ लांब, ९० रुंद, ३२ जाड. पण पूर्ण मापाचा करायला गेलात तर उंची अधिक वरची-खालची बाजू मिळून २१२ होते आणि ए-फोरची रुंदी २१०. दोन मिलिमीटरसाठी फसगत! वरची आणि खालची बाजू वेगळी कापून चिकटवावी. त्याचा उजवा खालचा कोपरा गोल असतो, तिथे चिकटवायच्या पट्टीला करवतीसारखे दाते कापावेत, म्हणजे ती वळते.

पुठ्ठा कोणता? फायलीचा जाड पुठ्ठा नको. जुन्या लग्नपत्रिका, औषधांचे खोके, वहीचे आवरण, किंवा स्टेशनरीच्या दुकानातला कार्डशीट. कापण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. एका दिशेने तो सहज वाकेल, दुसऱ्या दिशेने कुरकुरेल. लाकडाला रेषा असते तशी कागदाला ग्रेन असते. लांब घड्या सहज वाकणाऱ्या दिशेने आल्या पाहिजेत. मुलाचा पुठ्ठा फाटत होता तो यामुळेच, त्याने सगळे आडवे कापले होते.

घडीच्या रेघेवर पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. ब्लेडने अर्धे कापून घडी घालायची सवय पुष्कळांना असते, आम्हाला ती मुळीच पसंत नाही. चार वेळा उघडझाप झाली की सांधा सुटतो. रेघ रंगाच्या बाजूने दाबा आणि कागद उलट बाजूला मोडा. सगळ्या घड्या आधी घालून घ्या, मगच चिकटवायला बसा. खळ इथे उपयोगाची नाही, तिच्या पाण्याने पातळ पुठ्ठा वाकतो. फेव्हिकॉल काडीच्या टोकाने फक्त पट्टीवर, आणि इतका थोडा की दाबल्यावर बाहेर येता कामा नये. कापलेल्या लाल कडेला आतला पांढरा कागद दिसतो, तिथे चिकटवण्याआधी लाल स्केचपेन फिरवा. ब्लेडचे काम मोठ्यांनी करावे.

रिमोटची गोल बटणे करायला कार्यालयातले पंचिंग मशीन उत्तम. काळ्या कागदाच्या तीन टिकल्या एकावर एक चिकटवल्या की बटण उठून दिसते. एक गंमत लक्षात ठेवा. अगदी पहिल्या फॅमिकॉमच्या रिमोटवरची बटणे चौकोनी रबराची होती, ती दाबली की अडकून बसत, म्हणून कंपनीने पुढे गोल केली. तेव्हा चौकोनी केलीत तरी कोणी चूक म्हणू शकणार नाही. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे नसतात, तिथे बोलायला छोटा माईक असतो. वायरीला काळी लोकर. कॅसेट निम्म्या मापात साधारण काड्यापेटीएवढी होते, म्हणून आमच्या नातीने सरळ काड्यापेटीलाच पिवळा कागद लावला. तिचे म्हणणे, खरी काय आणि नकली काय, आपल्याकडे पिवळीच होती ना?

राहिला खटका. पेटीच्या मधोमध कॅसेट वर उचलायचा एक खटका असतो. तो तितकासा आवश्यक नव्हता, पण पोरांना पुढेमागे करायला मजा येईल म्हणून उएमुरांनी ठेवला. कागदात तो करणे सर्वांत अवघड. टोपणाला पंधरा मिलिमीटरची चीर पाडायची, आणि इंग्रजी टीच्या आकाराची पट्टी आतून घालायची, म्हणजे रुंद डोके आत अडते आणि बाहेरचे टोक सरकते. सांगायला सोपे आहे.

दुपारी टोपण बसत आले तेव्हा नातीने विचारले, "पप्पा, तुमच्याकडे होता का असा?"

मुलगा मान वर न करता म्हणाला, "होता एक. पुठ्ठ्याचाच."

"मग कुठं गेला?"

तो गप्प राहिला. आतल्या खोलीत नातीची आजी धान्य निवडत होती, तिचे सूपही थांबले. तेव्हा आम्हीच म्हणालो, "मी जाळला, बाळा. बंबात घातला."

"का?"

आम्ही सांगितले. पुठ्ठे कामाची होती, मोजून द्यायची होती, पैसे कापले जाणार होते, आणि मला राग आला. नातीने ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग नंतर दुसरी पुठ्ठे आणून द्यायची ना, आबा."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. मुलाने टोपण आणि हाडाची पट्टी दोन्ही आमच्यापुढे सरकवली. "ही शेवटची घडी तुम्ही घाला," म्हणाला, "माझी वाकडी जाते."

आम्ही घातली. हात थोडा कापतो आता, पण घडी सरळ आली.

तो लाल-पांढरा टीव्ही गेम सध्या त्यांच्या खऱ्या टीव्हीखाली ठेवलेला आहे. खटका मात्र अजून अडकतो. चीर अर्धा मिलिमीटर रुंद करावी असे आमचे मत, डोके लहान करावे असे मुलाचे. येत्या रविवारी बसणार आहोत.