परभणी कृषी विद्यापीठ: वाण चांगले, पण बियाणे शेतापर्यंत कधी?

दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो. त्याच सुमारास खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री सुरू होते. सोयाबीन, तुरीच्या पिशव्यांसाठी रांगा लागतात. विद्यापीठाच्या कामाची ही मोठी पावती आहे, आणि त्याची अडचणही याच रांगेत दिसते.

विद्यापीठाने काय दिले?

१९७२ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांसाठी काम करते. येथील बहुतेक शेती पावसावर चालते. त्यामुळे लवकर येणारे, खंड सोसणारे आणि रोगाला तोंड देणारे वाण हीच खरी गरज आहे.

- सोयाबीन: एमएयूएस ७१, १५८, ६१२ आणि अलीकडचा ७२५. एमएयूएस १६२ उंच वाढतो, म्हणून यंत्राने काढणीला सोयीचा.
- तूर: बदनापूर केंद्राचा बीडीएन ७११ सुमारे १५०-१५५ दिवसांत येतो. शेवटी ओल कमी पडली तरी हाती काही लागते. बीडीएन ७१६ आणि गोदावरी हे त्यानंतरचे वाण.
- ज्वारी: 'इक्रिसॅट'सोबत विकसित केलेला परभणी शक्ती २०१८ मध्ये आला. त्यात लोह किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२ मिलिग्रॅम असते. नेहमीच्या ज्वारीत ते साधारण ३० आणि २० असते.
- कापूस: नांदेड केंद्राचे एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे बीटी सरळ वाण. त्यांचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची सक्ती नाही. मात्र गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे आणि वेळेवर पऱ्हाटी काढणे सोडू नये.

'नांदेड ४४'चा धडा

एके काळी नांदेड ४४ (एनएचएच ४४) हा संकरित कापूस कोरडवाहू शेतकऱ्यांचा हुकमी वाण होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच खासगी कंपन्यांच्या बीटी बियाण्यांनी बाजार व्यापला. नांदेड ४४ मध्ये बीटी जनुक येऊन 'महाबीज'मार्फत बियाणे उपलब्ध होईपर्यंत बराच काळ गेला होता. वाण चांगला होता, पण वेळ चुकली.

हा धोका आजही आहे. वाण प्रसारित झाला म्हणजे तो लगेच दुकानात येत नाही. विद्यापीठ पैदासकार बियाणे तयार करते, त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणे होते. प्रत्येक टप्प्याला एक हंगाम लागतो. एखाद्या वर्षी काढणीच्या वेळी पावसाने बियाणे भिजले, तर साखळी वर्षभर मागे पडते. म्हणून विद्यापीठाचे यश मोजताना किती वाण काढले एवढेच पाहून चालणार नाही. त्या वाणांखाली किती क्षेत्र आले, तेही पाहायला हवे. परभणी शक्तीचेही तसेच. लोह-जस्ताचा जादा भाव बाजारात मिळत नसेल, तर शेतकरी तो वाण का पेरील? शालेय आहार आणि अंगणवाडीतून मागणी निर्माण झाली तरच हे संशोधन ताटापर्यंत पोचेल.

शेतकऱ्याने काय करावे?

सोयाबीन स्वपरागीत पीक आहे. एक पिशवी मिळाली तरी पुढच्या वर्षाचे बियाणे घरी होते. ३० किलो बियाणे एकरभर पेरून ८ क्विंटल उत्पादन आले, तर तेवढ्यात २० एकरांहून जास्त पेरणी होईल.

१. फुलोऱ्यात वेगळी दिसणारी झाडे उपटून काढा.
२. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा. सोयाबीनचे साल नाजूक असते, ते फुटले की उगवण घटते.
३. बियाणे नीट वाळवा, पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका.
४. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण पुरे; कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवा.

तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होते. बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या तुरीपासून शंभर-दोनशे मीटर दूर ठेवा.

स्वतःचे बियाणे राखणे, पेरणे आणि शेजाऱ्याला देणे हा २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे; फक्त ते ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही.

कृषी सहायकांसाठी

गावातील दोन-तीन शेतकऱ्यांना पायाभूत बियाणे मिळवून द्या आणि त्यांच्या प्लॉटची नोंद ठेवा. काढणीनंतर ही यादी गटावर टाका. पुढच्या मे महिन्यात गावातले बियाणे गावातच मिळेल आणि परभणीची रांग तेवढी कमी होईल.