केसाळ कुत्र्याच्या जटा : आधी बोटे, मग कंगवा, शेवटी कात्री

पामेरियन किंवा ल्हासा ॲप्सोसारखा लांब केसांचा कुत्रा आता आपल्या चाळी-वस्त्यांतूनही पाळला जातो. मुलांचा त्याच्यावर जीव असतो, पण रोज केस विंचरायला कोणाला सवड होत नाही. मग कानांमागे, काखेत, गळपट्ट्याखाली, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी जटा होतात. गळलेले केस अंगावरच्या केसांत अडकतात, त्यात धूळ व ओल शिरते आणि घट्ट गोळा बनतो.

जट नुसती दिसायलाच वाईट नसते. ती खालची कातडी सतत ओढत राहते. तिच्याखाली हवा खेळत नाही, कातडी लाल होऊन चिघळते, गोचिडी लपून बसतात. पावसाळ्यात अशा जखमेत अळ्याही पडू शकतात. म्हणूनच एरवी गरीब असलेला कुत्रा जटेला हात लावताच गुरगुरतो. तो माजलेला नसतो, त्याला दुखत असते. त्याला मारू नये.

घाईत दोन चुका होतात. पहिली म्हणजे आधी आंघोळ घालणे. पाण्याने जट आणखी आवळते. दुसरी चूक म्हणजे जट धरून वर ओढणे आणि बुडाशी कात्री चालवणे. ओढल्यावर पातळ कातडीही जटेबरोबर वर येते आणि केसांऐवजी तीच कापली जाते.

योग्य रीत अशी :

१) कुत्रा दमून शांत बसला असताना काम सुरू करावे. लहान मुलांना दूर ठेवावे.

२) जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे. त्याने केस सुटे व्हायला मदत होते.

३) एका हाताने जटेचे बूड कातडीलगत धरावे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी जट थोडी थोडी फोडावी.

४) मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून हळूहळू बुडाकडे यावे.

५) जट सुटतच नसेल तर कातडी व जट यांच्यामध्ये कंगवा सरकवावा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूनेच कापावे. कंगवा आत जात नसेल तर कात्री खाली ठेवावी.

एका बैठकीत सर्व जटा काढण्याचा हट्ट धरू नये. रोज दहा मिनिटे पुरेत. सगळ्या निघाल्या की मगच आंघोळ घालून अंग पूर्ण कोरडे करावे.

जट कातडीला चिकटलेली असेल, घाण वास येत असेल, जखम किंवा अळ्या दिसत असतील तर कुत्र्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. कुत्रा शांत राहावा म्हणून माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. त्याने जीव जाऊ शकतो.

हे करताना कुत्रा चावला किंवा दात लागून ओरखडा उठला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. कुत्रा घरचा असला तरी त्याच दिवशी सरकारी किंवा नगरपालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवावे व ते सांगतील त्याप्रमाणे रेबीजची लस घ्यावी.

पुढे दिवसाआड पाच मिनिटे कंगवा फिरवला तर जट धरणारच नाही. घरातल्या थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे हे काम सोपवावे.